टाचेवरचे थर

"हे माझं नाही," असं म्हणून दादांनी हातातला कागद टेबलावर पालथा घातला… जणू पालथा घातल्याने त्यावरचे आकडे पुसलेच जाणार होते!

दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. समोर धाकटा बसला होता. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात छाती धरून कोसळलेला, हृदयाच्या शिरेत जाळीची नळी बसवून घरी परतलेला, चव्वेचाळीस वर्षांचा त्यांचा एकुलता एक भाऊ. त्याच्या शेजारी त्याची बायको, आणि खिडकीशी पुस्तक उघडं ठेवून बराच वेळ एकही पान न उलटणारी त्यांची अकरा वर्षांची मुलगी ठकी. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी कोलेस्टेरॉल तपासून घ्या, असं हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून छप्पन्नाव्या वर्षी दादांनी जन्मात पहिल्यांदा त्या तपासणीसाठी हात पुढे केला होता, आणि आज तो लिफाफा आला होता.

"तुझंच आहे, दादा. वर तुझं वय छापलंय," धाकट्याने कागद ओढून घेतला. "एकूण एकशे अडुसष्ट. त्यातलं वाईट चौऱ्याण्णव. वा! वर्गात पहिला नंबर! आणि आमचं? इस्पितळात नेलं त्या दिवशी तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्यातलं वाईट तीनशे दहा." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचलंच नाही. "अभिनंदन. तीस-पस्तीस वर्षं उकडलेलं खाल्लंस, जिंकलास. मी लोणी खाल्लं, हरलो. संपली गोष्ट."

"अरे, जिंकलो काय? हे उलटं झालंय कुठेतरी… नळ्यांची अदलाबदल झाली असणार…"

"काही उलटं नाही झालेलं!" भावजय एकदम म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "माझ्या हातांनी केलंय हे. यांना आवडतं म्हणून पावावर बोटभर लोणी मीच लावत होते ना, दादा? तुम्ही दहादा सांगितलंत, कमी कर, कमी कर… आणि मला वाटायचं, या माणसाला कुणी चवीनं खाल्लेलं बघवतच नाही!"

ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. दादा उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. खरं काय, तेच त्यांना कळत नव्हतं. एकशे अडुसष्ट हा आकडा चांगला होता म्हणे. मग आपल्या पायांखालची जमीन का सरकते आहे? चांगली बातमी ऐकून माणसाला इतकं भ्यायला होतं का?

त्याला कारण होतं, पण ते कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

या कुटुंबात काळजाचा अंदाज चेहऱ्यावरून बांधला जाई. आजोबा एकेचाळिसाव्या वर्षी गेले, झोपेत. वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले, तेही खालच्या मजल्यावरच्या जोड्यांच्या दुकानात, मांडीवर अर्धा शिवलेला बूट आणि हातात आरी असताना. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, धाकटा सात. दादांचा चेहरा म्हणजे वडिलांचा ठसा होता. तेच रुंद कपाळ, त्याच जुळलेल्या भुवया, हसताना एकाच गालावर पडणारी तीच रेघ. धाकटा आईवर गेला होता. वडील गेल्यावर महिन्याभराने आई थोरल्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "त्यांचं तोंड घेऊन आलायस रे… काळीजही त्यांचंच घेऊन आला असशील. धाकट्याची मला चिंता नाही. तो माझा आहे."

झालं! त्या एका वाक्याने दोन भावांची दोन ताटं वेगळी झाली. थोरल्याच्या ताटात उकडलेलं, बिनतेलाचं, बेचव; धाकट्याच्या ताटात लोणी, अंडी, तळलेले बटाटे. आईला विचारणार कोण? आणि विचारावं असं दादांना तरी कुठे वाटलं? आरशात ते रोज वडिलांना दाढी करताना बघत होते!

रक्त त्यांनी कधी तपासलं नाही. ज्या परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक आहे तिला कोण बसतो?

आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी ठरलेलं लग्न मोडलं.

ती जवळच्या शाळेत शिकवायची. साखरपुडा झाला नव्हता, पण शब्द दिले-घेतले गेले होते, आणि लग्नात घालायचे जोडे नवऱ्याने स्वतःच्या हाताने करायचे असं थट्टेथट्टेत ठरलं होतं. ती माप द्यायला दुकानात आली त्या दिवशी टेप धाकट्याने धरली होती. सोळा वर्षांचा तो मुलगा "वहिनी, पाय हलवू नका, नाहीतर एक बूट लांब होईल!" म्हणत खिदळत होता, आणि ती त्याच्या डोक्यावर टपली मारत होती. त्या दोघांकडे बघता बघता दादांच्या मनात आलं, पंधरा वर्षांनी हिच्या कडेवर एखादं पोर असेल, आणि मी त्या स्टुलावरून असाच कलंडलेला असेन… तिचं हसू तिथेच थिजेल, आईचं थिजलं तसं. नऊ दिवसांनी तिचे वडील दुकानात आले तेव्हा दादा त्यांच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "मुलगी मला पसंत नाही."

खरं कारण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, असू दे, जितकी वर्षं मिळतील तितकी! ती तशीच होती. म्हणून खोटं सांगावं लागलं. त्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कितीतरी वेळ आपल्याच बुटांकडे बघत बसले होते, आणि आतल्या दारात उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या धाकट्याने ते सगळं पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो भावासाठी एकच शब्द वापरी. दगड.

दगड तर दगड! दगडाने त्याला कॉलेजात घातलं, त्याचं लग्न लावून दिलं, त्याच्या बायकोला माहेरची आठवण येऊ नये म्हणून वरचा मजला तिच्या ताब्यात देऊन आपण दुकानामागच्या खोलीत पथारी टाकली. आणि त्रेचाळिसावा वाढदिवस जवळ आला तसं सगळ्या गिऱ्हाइकांची कामं आधीच संपवून, हत्यारं तेल लावून ठेवून, दगड मरणाची वाट बघत बसला. चव्वेचाळिसावं उजाडलं. दादांना, खरं सांगायचं तर, थोडी लाजच वाटली. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं आणि पाहुण्यांनी यावंच नाही, तसं काहीसं! मग त्यांनी मनाची समजूत घातली, उकडलेल्याने वाचवलं. ती समजूत आजच्या दुपारपर्यंत टिकली होती.

दुसऱ्या दिवशी ते तो कागद घेऊन प्रयोगशाळेत गेले. काचेपलीकडचा माणूस जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिला.

"काका, लोक इथे जास्त आलं म्हणून भांडायला येतात. कमी आलं म्हणून भांडणारे तुम्ही पहिले."

"अदलाबदल झाली असेल तर? माझ्या भावाचं…"

"भावाचं रक्त इस्पितळात काढलं, तुमचं इथं. दोन नळ्यांची गाठभेटच नाही, तर अदलाबदल कशी होईल?"

"पुन्हा काढा."

पुन्हा काढलं. एकशे पासष्ट आलं. मग दादांनी पंधरा दिवस मुद्दाम अंडी खाल्ली, लोणी खाल्लं, कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभं राहून तळलेलं खाल्लं, चोरासारखं इकडेतिकडे बघत! जीभ त्या चवीने इतकी बावचळली की पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा हात पुढे केला. एकशे एक्क्याऐंशी.

"काका," काचेपलीकडचा माणूस या वेळी हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

दादांनी बाही खाली ओढली. मला ते तीनशे अठ्ठ्याऐंशी हवेत, असं कसं सांगणार? ते माझ्या वाटणीचे होते. मी त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती, सगळं घर रिकामं ठेवलं होतं… आणि ते चुकून शेजारच्या दारात शिरले! पण आता एक गोष्ट पक्की झाली होती. लोणी खाऊनही आपलं रक्त फारसं हललं नव्हतं. मग उकडलेल्याने वाचवलं म्हणायचं तरी कसं? आणि उकडलेल्याने वाचवलं नसेल तर… तर मी काय केलं हे आयुष्यभर? या विचाराच्या दारापर्यंत ते जात आणि आत न शिरताच परत फिरत.

इकडे धाकट्याने वेगळाच निश्चय केला होता.

"या गोळ्या मी घेणार नाही," त्याने जाहीर केलं. समोर उकडलेल्या भाजीची वाटी होती आणि मोठ्या हट्टाने तो ती संपवत होता. "जन्मभर गोळी? दादाने काय केलं? फक्त खाणं सांभाळलं. सहा महिन्यांत उतरवून दाखवतो. पाप जिभेचं, प्रायश्चित्त जिभेला."

"अहो, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी एक दिवसही चुकवायची नाही," भावजय कळवळून म्हणाली. "आणि ठकीचंही रक्त…"

"ठकीचं नाव काढू नकोस! खाल्लं मी, आणि सुई तिला? ती काय लोण्याचे डबे रिकामे करते?"

"मला सुईची भीती नाही वाटत," ठकी खिडकीतून म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?"

दादा दाराशी उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "अरे, खाण्याचं तसं नसावं बहुतेक… मी पंधरा दिवस सगळं खाऊन पाहिलं. माझं फारसं वाढलं नाही. म्हणजे मग तुझंही नुसत्या खाण्याने…"

"तू खाल्लंस?" धाकट्याने चमचा खाली ठेवला. "माझी छाती फाडायची वेळ आली, आणि तू गंमत म्हणून लोणी खाऊन बघत होतास? म्हणजे मला दाखवायला, की बघ, मला काही होत नाही?"

"नाही रे! तसं नाही…"

"मग कसं? सांग ना! तुला आयुष्यात कधी कुणाला नीट सांगता आलंय? त्या बाईंच्या वडिलांना तरी सांगितलंस का?" त्याने छातीवर हात ठेवला, चेहरा पांढरा पडला. भावजय धावली. दादा दोन पावलं पुढे आले आणि थबकले. सांगून टाकावं का? ओठांवर आलं होतं सगळं. पण सांगितलं आणि याच्या दुबळ्या काळजाला तो भार झाला तर? न सांगून हा गोळी सोडतोय, सांगून जीव सोडेल… कोणतं बरोबर? त्यांना कळेना. ते मागच्या पावली जिना उतरून दुकानात आले.

निदान जोडे तरी करता येतील, असं त्यांना वाटलं. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला रोज चालायला सांगितलं होतं.

दुकानात भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर कलबुतं, प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या पायाची लाकडी प्रतिकृती, जिच्यावर चामडं ताणून बूट घडवायचा. पाय बदलतो तसं कलबूतही बदलावं लागतं. जिथे पाय फुगला असेल तिथे लाकडावर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवायचा, कानशीने घासायचा, आणि पेन्सिलीने वर साल लिहायचं. वडिलांची पद्धत ती. दादांनी धाकट्याचं कलबूत खाली काढलं. टाचेच्या मागे, पोटरीकडे जाणाऱ्या त्या जाड शिरेच्या जागी, चार थर होते. चारही दादांनीच चढवलेले. धाकटा कॉलेजात गेल्यापासून दर काही वर्षांनी कुरकुर करी, "दादा, तुझ्या बुटांनी मागे घट्टा पडलाय बघ!" आणि दादा खजील होऊन त्या जागी बूट आणखी सैल करत. इतक्या जणांचे जोडे मऊ होतात आणि नेमका भावाचाच चावतो, ही त्यांच्या मनातली जुनी बोच होती.

पाचवा थर चढवावा म्हणून त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला… आणि अंगठा तिथेच थांबला.

हा फुगवटा त्यांच्या अंगठ्याच्या ओळखीचा होता. कुठे? कुणाचा?

तेवढ्यात भावजय धाकट्याचे जुने बूट घेऊन खाली आली. "दादा, हे मापाला लागतील का? आणि मघाचं मनावर घेऊ नका. ते…"

"अगं, ते स्टूल जरा धर," दादा घाईने म्हणाले. ते स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीच्या कोपऱ्यातून, वर्षानुवर्षांच्या धुळीतून, त्यांनी वडिलांचं कलबूत ओढलं. त्याबरोबर मागे दडवलेलं जुन्या कापडाचं एक गाठोडं खाली पडलं आणि सुटलं.

दादांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते स्टुलावर उभ्याउभ्याच वडिलांचं कलबूत दोन्ही हातांत धरून बघत होते. टाचेच्या मागे, त्याच जागी, तीन थर. वडिलांच्या स्वतःच्या हातचे, वर त्यांच्या तिरप्या अक्षरात सालं लिहिलेली. शेवटचं साल ते गेले त्याच्या आदल्या वर्षाचं. दादा खाली उतरले, दोन्ही कलबुतं शेजारीशेजारी ठेवली. मग आपलं स्वतःचं काढून तिसरं ठेवलं. त्याची टाच गुळगुळीत होती. एकही थर नाही. कधीच लागला नव्हता!

"घट्टा नव्हता तो," ते पुटपुटले. "माझ्या बुटांनी नव्हतं झालेलं… बाबांना कुणाचे बूट चावत होते? ते तर स्वतःचे स्वतः करायचे! इतकी वर्षं माझ्या हातात होतं हे, आणि मी… मी वर चामडं चिकटवत बसलो!"

"दादा," भावजयीचा आवाज अगदी बारीक आला. ती खाली बसली होती. तिच्या हातांत गाठोड्यातली दोन लहानशी कलबुतं होती, कोरी, ज्यांच्यावर कधी चामडं ताणलं गेलं नव्हतं. एकावर पेन्सिलीने, पोरसवदा गोल अक्षरात लिहिलेलं होतं: 'वहिनी. डावा.' "हे यांचं अक्षर आहे. ही… त्या बाईंची का? पसंत नव्हती म्हणालात, मग अठ्ठावीस वर्षं कापडात गुंडाळून…?"

दादांनी वडिलांच्या कलबुताकडे बोट दाखवलं. एवढंसं बोट पुरलं. भावजयीने एकदा त्या कलबुताकडे पाहिलं, एकदा दादांच्या चेहऱ्याकडे, एकदा भिंतीवरच्या सासऱ्यांच्या तसबिरीतल्या चेहऱ्याकडे… आणि मग तिने ती लहान कलबुतं छातीशी धरली आणि हुंदका आवरत म्हणाली, "तुम्हाला वाटलं, आपण जगणारच नाही! अहो दादा… आणि आम्ही तुमच्या ताटाला हसायचो!"

"त्याला सांगू नकोस," दादा गयावया करत म्हणाले. "आत्ता नको. त्याच्या छातीला…"

"त्यांच्या छातीचं मी बघते," भावजय डोळे पुसत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर हुकूम चालवत होती. "तुम्ही ही सगळी पिशवीत भरा. उद्या सकाळी यांना डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंच आहे. तुम्हीही येताय."

डॉक्टरीणबाई उंच, घाईत असणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. टेबलावर एकामागून एक लाकडी पाय मांडले जाऊ लागले तशा त्या पेन खाली ठेवून बघत राहिल्या. धाकटा संतापाने लाल झाला होता. "दादा, इथे दुकान मांडायला आलोय का आपण?"

दादांनी अडखळत, दोनदा मागचं पुढे करत, थरांची हकिगत सांगितली. सांगताना त्यांना सारखं वाटत होतं की आपण हसं करून घेतोय. बाईंनी मध्येच हात वर केला.

"मोजे काढा," त्या धाकट्याला म्हणाल्या. त्यांनी खाली वाकून त्याच्या टाचेमागची शीर चिमटीत धरली, दाबली, सोडली. मग सरळ होऊन वडिलांच्या कलबुताच्या टाचेवर तीच चिमूट ठेवली. "हे कधीपासून?"

"कॉलेजपासून. बुटाचा घट्टा आहे तो."

"घट्टा कातडीवर येतो. हे आत आहे. ज्या चरबीने तुमच्या हृदयाची शीर बुजली तीच इथे साठली आहे, वीस-पंचवीस वर्षं." त्या खुर्चीत बसल्या. "आपलं यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, त्यासाठी त्याला दारं असतात. काही घराण्यांत अर्धी दारं जन्मतःच बंद असतात. मग रक्तात ते साचतं आणि शिरांच्या भिंतींना धरतं. उकडलेलं खाऊन थोडं उतरेल. तेवढं पुरणार नाही. लोण्याने भर घातली असेल, पण मूळ लोण्यात नाही."

भावजयीने हातातला रुमाल घट्ट आवळला. "म्हणजे… माझ्यामुळे नाही?"

"तुमच्यामुळे नाही. यांच्यामुळेही नाही. वडिलांकडून आलं. प्रत्येक मुलाच्या बाबतीत नाणं उडवायचं. छापा किंवा काटा. तोंडवळ्याशी त्याचा काही संबंध नाही." त्यांनी दादांच्या नितळ कलबुतावर टिचकी मारली. "यांना आलं नाही, तुम्हाला आलं. तुमच्या मुलीचं नाणं अजून हवेत आहे. ते बघायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण तुमच्या वडिलांच्या वेळी या गोळ्या नव्हत्या. आज आहेत."

धाकटा अनवाणी बसला होता. त्याची नजर टेबलावरच्या पिशवीत अडकली होती. पिशवीच्या तोंडातून एक लहानसं, कोरं कलबूत डोकावत होतं. भावजयीने तेही घातलं होतं, दादांच्या नकळत. त्याने ते बाहेर काढलं. आपलंच सोळाव्या वर्षीचं अक्षर वाचलं. मग तो वळला.

"बाबांचं काळीज," तो हळूहळू म्हणाला, जणू एकेक शब्द अंधारात चाचपत होता, "तुझ्यात आहे असं वाटलं तुला… म्हणून तिला… आणि मी तुला…"

"जाऊ दे रे."

"दगड म्हणत होतो मी तुला, दादा!"

"अरे, छाती… छाती सांभाळ," दादा घाबरून उठले.

"छातीला गोळी आहे," धाकटा म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंच्या देखत, चव्वेचाळीस वर्षांचा तो गडी ते लाकडी पाऊल कपाळाला लावून लहान मुलासारखा रडू लागला.

ठकीने सुई टोचून घेताना डोळेसुद्धा मिटले नाहीत. तिचं दोनशे शहाण्णव आलं. नाणं वडिलांच्या बाजूने पडलं होतं. भावजयीने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अकराव्या वर्षी कळलं आहे, अजून काही बिघडलेलं नाही, औषध घेतलं आणि सांभाळलं तर ही मुलगी आजीइतकी जगेल, आणि आजी एकाहत्तर वर्षं जगली होती. "म्हणजे मी काकांसारखं बेचव खायचं का?" ठकीने विचारलं. "थोडं," काका म्हणाले. "मी शिकवतो. चवीचं बेचव कसं करायचं ते मला येतं. बेचवचं चवीचं कसं करायचं ते तुझ्या आईला विचारू."

त्या संध्याकाळी धाकटा खाली दुकानात आला. गोळी घेऊन आलो, असं त्याने न विचारता सांगितलं. दादा त्याचे चालायचे जोडे पुरे करत होते. पाचवा थर त्यांनी चढवला होता, आणि त्यावर साल लिहावं की न लिहावं या विचारात पेन्सिल हवेतच होती.

"दादा, एक विचारू? तुला राग येत नाही? तुला काहीच नव्हतं. तू संसार करू शकला असतास. सगळं… फुकट गेलं रे तुझं!"

दादांनी खूप विचार केला. राग येतो का? कुणाचा यावा? आईचा? ती तर भ्यायलेली होती. आरशाचा? तिचं काय झालं असेल, ती कुठे असेल, हसत असेल का… फुकट गेलं, हे खरं वाटे. पण हा समोर बसला आहे, वर ठकी मोठ्याने धडा वाचते आहे, हेही खरं वाटे. आणि ही दोन खरी एकमेकांशी काही केल्या जुळत नव्हती.

"मला ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले. "खरंच ठाऊक नाही रे."

धाकट्याने मान हलवली. मग त्याने खुंटीवरची टेप काढली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाला, "बस. पाय दे."

"अरे, खाली कशाला बसतोस? आणि माझी मापं आहेत. बाबांनी घेतलेली."

"ती एकोणिसाव्या वर्षीची. छप्पन्नचा झालास. बस म्हणतो ना!"

दादा बसले, अवघडून. वडील गेल्यापासून त्यांच्या पावलाला कुणी हात लावला नव्हता. धाकट्याने पाऊल मांडीवर घेतलं, टेप गुंडाळली, आकडा बघायचा विसरला, आणि त्याचा अंगठा टाचेमागे गेला. तिथे त्याने दाबलं, पुन्हा दाबलं. आपल्या स्वतःच्या टाचेवर जे हाताला लागे ते तो शोधत होता. काहीच नव्हतं. ताणलेल्या दोऱ्यासारखी बारीक, सरळ शीर. त्याने मान वर करून फळीकडे पाहिलं. खालच्या ओळीत, खिडकीशेजारी, आईचं कलबूत होतं.

तो उठला, ते घेऊन आला आणि दादांच्या पावलाशेजारी ठेवलं. आधी एका टाचेवरून, मग दुसरीवरून अंगठा फिरवला. मग त्याचा आवाज आला, अगदी सात वर्षांच्या मुलाचा असावा तसा.

"दादा… आई म्हणायची मी तिचा. पण तिची टाच तर तुला मिळालीय रे!"

दादांनी समोर बघितलं. गिऱ्हाइकांसाठी जमिनीलगत ठेवलेला तो बुटका आरसा, ज्यात पावलांखेरीज काही दिसत नाही, तो नेहमीच्याच जागी होता. इतकी वर्षं ते भिंतीवरच्या आरशात बघत आले होते. या आरशात तोंड नव्हतं. एक अनवाणी पाऊल होतं, आईचं. आणि त्याला दोन्ही हातांनी धरून बसलेल्या भावाचं वाकलेलं डोकं होतं, ज्याच्यावर दादांनी चाचरत, जागा बरोबर आहे की नाही याची खात्री नसल्यासारखा, आपला हात ठेवला.